सिस्टर आणि पायाळू

सिस्टर सायकलला नळी लावून ऐकत. बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची ॲल्युमिनियमची छोटी तुतारी असते ना, तिचं रुंद तोंड त्या चाकाच्या हबवर टेकवत, दुसऱ्या टोकाला कान लावत, डोळे मिटत आणि एका हाताने चाक हळूहळू फिरवत. आजूबाजूला उभ्या असलेल्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग निकाल यायचा, "एक छर्रा फुटलाय." हब उघडला की फुटका छर्रा हातात यायचा. कधीकधी नाही यायचा. तेव्हा सिस्टर जराही न ओशाळता म्हणत, "आज न्हाई फुटला, उद्या फुटनारच व्हता," आणि सगळेच छर्रे बदलून टाकत.

सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई म्हणून त्यांनी मुळशी तालुक्यात सगळी नोकरी काढली. अर्ध्या तालुक्याने या जगातला पहिला फटका त्यांच्या हातचा खाल्लेला होता, त्यामुळे पुढे कितीही मोठा झालेला माणूस त्यांच्यासमोर जरा जपूनच उभा राही. निवृत्तीच्या वेळी त्यांना इतक्या शाली मिळाल्या की एखादीने दुकान काढलं असतं. सत्काराच्या शालीने हँडलचं क्रोम फार सुरेख चकाकतं, हे मला त्यांच्याकडेच कळलं. सत्काराचा यापेक्षा चांगला उपयोग मी अजून पाहिलेला नाही. मी लातूरहून पौडच्या बँकेत बदलून आलो आणि त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिलो, ते २००२ साल असावं. २००९पर्यंत राहिलो. शेवटपर्यंत त्या मला "पाव्हनं"च म्हणाल्या.

सायकल त्यांना नवी नव्हती. नोकरीत सरकारी काळी सायकल होती, चढावर ढकलायची आणि उतारावर देवाचं नाव घ्यायची. पण निवृत्तीनंतर एके दिवशी पौडच्या एसटी स्टँडजवळच्या भंगारवाल्याच्या ढिगात त्यांना एक वाकडं हँडल दिसलं. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. ते ओढलं तर मागून अख्खी सायकल आली. आपल्याकडे जिला 'रेसर' म्हणतात तसली, बारीक पोलादी नळ्यांची, गंजलेली, टायर नसलेली. सिस्टरनी ती दोन बोटांवर उचलून पाहिली आणि तिथेच खुळावल्या. मला पुढे अनेकदा सांगत, "तीस वर्सं म्हशीवर बसून फिरले हो मी. आन ही हरनी हितं लोखंडात पडलेली."

मग हरणींचा कळपच झाला. पुण्याच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या कारखान्यांच्या स्टँडवरून, परदेशी पाहुणे सोडून गेलेल्या खोल्यांतून सायकली येत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या रांगेने टांगलेल्या असत आणि सिस्टर सकाळी चहाचा कप घेऊन राउंड घेत. कुणाला रॉकेलची अंघोळ, कुणाच्या रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, कुणाला नुसतं "पडून ऱ्हाऊ दे, अजून घाबरलीया."

सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत गंजून बसणं हा जुन्या सायकलींचा ठरलेला आजार. पुरुष मंडळी अशा वेळी हातोडा शोधतात. सिस्टर हातोडा लपवून ठेवत. "अडलीया," एवढंच म्हणत. वरून तेल, खालून तेल, नळीभोवती गरम पाण्याची फडकी, आणि दिवसातून दोनदा दांडा वाइसच्या शिकंज्यात धरून फ्रेम हलकेच डावी-उजवीकडे. ओढायचं नाही, हा कायदा. एकदा मी चोरून ओढलं तर त्यांनी माझ्या मनगटावर पाना मारला. "घाई कुनाला झालीया? तिला का तुमाला?" आठवडा-दोन आठवड्यांनी कधीतरी नळीतून बारीक कुरकुर ऐकू येई आणि दांडा केसभर फिरे. त्या क्षणी आम्ही दोघं जे ओरडत असू त्यावरून गल्लीत लोकांना वाटे, लॉटरी लागली.

पायाळू आली ती मुळशी धरणाकाठच्या एका बंगल्याच्या अडगळीतून. मालक परदेशात, राखणदाराला जागा मोकळी करायची होती. निळा रंग उडालेला, पण जोडांवरची नक्षी पाहून सिस्टरचा आवाजच खाली आला. इटलीची होती. तिच्याइतकी हलकी फ्रेम शेडमध्ये आजवर आली नव्हती. सगळं सुटलं, फक्त पेडलचा मधला दांडा ज्या दोन वाट्यांमध्ये फिरतो, त्यांतली उजवी वाटी सुटेना. आता या धंद्यातलं एक सत्य सिस्टर सगळ्यांना शिकवीत: डावी वाटी नेहमीसारखी सुटते, उजवीचे आटे उलटे असतात, म्हणून ती उलटी फिरवायची. या सत्यावर त्यांचा इतका विश्वास होता की आम्ही आठवडाभर तेल, गरम पाणी, पान्याला लावलेला लांब पाइप असं सगळं वापरून ती वाटी उलटी फिरवत होतो. पहिल्या दिवशी ती जराशी हललीही होती. त्या आनंदात भजी झाली. नंतर मात्र ती जी बसली ती बसलीच.

रविवारी मी कोथरूडच्या सायबर कॅफेत जाऊन शोधलं. इटलीतल्या लोकांनी दोन्ही वाट्यांना सरळच आटे ठेवले होते. सगळं जग एकीकडे आणि ते एकीकडे. मी परत येऊन भीत भीत सांगितलं. सिस्टरनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी आठवडाभर आपन पोर पोटात ढकलत व्हतो व्हय?"

मी होय म्हणालो. त्या मांडी घालून बसल्या होत्या तिथेच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पाइप सरळ बाजूला लावला, मी फ्रेम छातीशी धरली, त्यांनी पाइपवर सगळा भार दिला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन वाटी सुटली. मी फ्रेमसकट जमिनीवर. "पायाळू हाय ही," सिस्टरनी जाहीर केलं, "उलटी आली, पर आली." तेच नाव पडलं.

पायाळूवर त्यांनी पहिली चक्कर मारली त्या सकाळी मी मागे होतो, माझ्या दुरुस्त केलेल्या रेसरवर. सिस्टरच्या अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून, डोक्याला रुमाल. पौड सोडलं, रस्ता मोकळा झाला आणि त्या हँडलच्या खालच्या वळणात हात घालून वाकल्या. साठी उलटलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत लहान होत होत ठिपका झाली. माले गावाजवळ गाठलं तेव्हा त्या रस्त्याकडेला उभ्या राहून सायकलच्या नळीवर थोपटत होत्या. "हिला रस्ता समजतुया," म्हणाल्या. ज्यांनी जुनं चांगलं पोलाद चालवलंय त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, पण एकही बोचत नाही, आणि पेडलवर दिलेला जोर सायकल जपून ठेवून पुढे परत देते असं वाटतं. त्या दिवशी मीही खुळावलो.

त्यानंतर दर रविवारी आम्ही धरणाकडे जात असू. तेव्हा पुण्याहून महागड्या सायकलींचे ताफे यायला लागले होते. घट्ट चकचकीत कपडे, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात. असा एक ताफा चहाला थांबला असताना सिस्टरनी म्होरक्याची नळी बोटात धरून गंभीरपणे विचारलं, "सलाईन किती वाजता लावलं?" तो बिचारा खरंच घड्याळ बघायला लागला.

मग एका रविवारी डंपरमधून सांडलेल्या वाळूवर सिस्टर घसरल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं. पुण्यालगतच्या चांदे गावाहून त्यांचा मुलगा दत्ता गाडी घेऊन आला. वडिलांकडची तिथली जमीन विकून त्याने तिथेच नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, आणि आईने एकटं पौडला राहू नये हे तो गेली काही वर्षं सांगत होता. माणूस वाईट नव्हता. काळजी त्याला रागातून व्यक्त करता येई, एवढंच.

"बास झालं आये आता," तो म्हणाला. "सायकली भंगारात घाल आन चल माज्याकडं."

सिस्टर हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं, की अर्धा तालुका त्यांच्यासमोर जपून का उभा राहतो हे मला कळलं.

"हाड जुळू दे. मंग माल्याच्या म्होरला चड पायाळूवर चडते. पाय टेकला तर तुज्या फ्लॅटात येते, आन सायकली भंगारात. न्हाई टेकला तर परत नाव काडायचं न्हाई."

दत्ता लगेच कबूल झाला. तो चढ त्याने कायम गाडीतून पाहिला होता, पण गाडीलाही तिथे गिअर बदलावा लागे.

हाड जुळलं. सिस्टर रोज पहाटे थोडं थोडं लांब जाऊ लागल्या. पण ही पैज गावात फुटली आणि एका होतकरू भाऊंच्या कानावर गेली. चढाच्या आदल्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्स लागला: 'जिद्दीला मानाचा मुजरा'. त्यात भाऊंचा फोटो दाराएवढा, भाऊंच्या मित्रमंडळाचे फोटो पाटाएवढे आणि खाली कोपऱ्यात सिस्टर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. सायकल कुठेच नव्हती. भाऊ नारळ फोडून हिरवा झेंडा दाखवणार होते. सिस्टरनी फ्लेक्स वाचला आणि मला म्हणाल्या, उद्या तासभर लवकर निघू. आम्ही माले ओलांडत होतो तेव्हा मागे पौडला ताशे सुरू झाले. भाऊंनी झेंडा कुणाला दाखवला ते कळलं नाही. दुधाचा टेम्पो त्याच सुमारास निघतो.

चढाच्या पायथ्याशी दत्ता गाडी घेऊन थांबला होता. तो पंच म्हणून मागून येणार होता. सिस्टरनी मला पुढे पिटाळलं. "तुमच्या धापा ऐकून मलाच धाप लागती. वर जाऊन थांबा." मी वर जाऊन थांबलो. खालचा रस्ता वळणाआड होता. नुसता वारा. मी रस्त्यावरचे खडे उचलून कडेला टाकत राहिलो.

आधी रुमाल दिसला. मग वाकलेले खांदे, मग निळी सायकल, या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी येणारी. मागे गाडी माणसाच्या चालीने. मी ओरडायला लागलो, काय ओरडलो ते आठवत नाही. त्या माथ्यावर आल्या, पेडल थांबवलं, उतरल्या आणि हँडलवर डोकं ठेवून उभ्या राहिल्या. दत्ता गाडीतून धावत आला.

"जिंकलीस आये."

सिस्टरनी डोकं वर केलं. "न्हाई. टेकला. वळनाच्या खाली टेकला पाय."

"कुटं? मला न्हाई दिसला."

"तू मागंच व्हतास की."

"गाडी गरम झालीती. मी पानी भरत व्हतो."

"गाडी माज्या मागनं चालत व्हती."

"मला न्हाई दिसलं म्हंजी न्हाई दिसलं. पंच मी हाय."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं ऐकलीत. आई "मी हरले" म्हणून भांडते आहे आणि मुलगा "तू जिंकलीस" म्हणून भांडतो आहे, असं ते एकच. धरणाचा वारा दोघांचेही शब्द उडवत होता आणि दोघंही हटायला तयार नव्हते. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "बोलले म्हंजी बोलले. मी येनार चांद्याला. आन सायकली भंगारात."

दत्ताने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "भंगारातच द्यायच्या ना? मंग मला दे. मी घेतो भंगार."

सिस्टरनी पायाळूचं तोंड उताराकडे वळवलं. उताराला दत्ता गाडी घेऊन पुढे गेला, आम्ही मागून सुटलो. वळण संपलं तशी एका मोरीच्या तुटक्या कठड्याकडे सिस्टरनी हनुवटीने खूण केली. "हितं," म्हणाल्या, आणि ब्रेक सोडून दिले.

सायकलींसकट चांद्याला गेलेल्या सिस्टर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुकून जातील अशी माझी समजूत होती. पहिल्याच रविवारी गेलो तर तीन आयटीवाले हाफ पँटमध्ये रांगेने बसून छर्रे धुवत होते, आणि दत्ता सिस्टरच्या देखरेखीखाली आउट काढत होता, म्हणजे वाढवत होता. "रडवशील तिला," असं त्याला ऐकवणं चालू होतं. पुढच्या वर्षी तो रविवारी आमच्यासोबत यायला लागला. पोट सुटलेला माणूस, पण आईचा हट्ट त्याच्यात होता.

२०१०च्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या पोरीच्या सायकलला हवा भरली होती.

मी आणि दत्ता अजून धरणाकडे जातो. आता तो माझ्यापेक्षा जोरात चढतो आणि त्याबद्दल बोलतो फार. पण वर पोचायच्या आधी, वळणाच्या खाली, त्या मोरीच्या तुटक्या कठड्यापाशी तो दर वेळी थांबतो आणि एक पाय जमिनीला टेकवतो. दम लागला म्हणून नाही, दम त्याला उरलेला असतो. मग पुन्हा पेडल मारून निघतो. ती जागा मी त्याला कधी दाखवलेली नाही, आणि तोही काही विचारत नाही. त्या दिवशी तो गाडीत पाणी भरत होता. त्याला काहीच दिसलं नव्हतं.