मागची डिस्क

आमच्या तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये एक जुनं वर्कस्टेशन आहे. निळा, जाडजूड डबा, उचलायला दोन माणसं लागतात. डायांची, म्हणजे आम्ही बनवतो त्या साच्यांची, सगळी ड्रॉइंगं त्याच्यावर काढलेली, आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर फक्त त्याच मशीनच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. ड्रॉइंगांची कॉपी एकच, त्याच्याच पोटात. टेपवर कॉपी काढायचं यंत्र बिघडलं तेव्हा पुढच्या महिन्यात बघू असं मीच म्हटलं होतं. त्याला सात वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका सोमवारी मशीन सुरूच झालं नाही. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ, सिस्टिम सापडत नाही म्हणून. त्याच आठवड्यात आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाची डाय तडकली होती आणि ती तशीच पुन्हा बनवून हवी होती. नवरा खाली कारखाना बघतो, वरचं ऑफिस माझ्याकडे. तो वर आला, पडद्यावरची ओळ वाचली आणि खाली गेला. ड्रॉइंगं गेली तर शटर ओढायचं, हे दोघांनाही कळत होतं.

वाशीहून एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने आतली केबल बघितली आणि असलं मशीन आपण कधी उघडलेलं नाही, उगाच हात लावत नाही म्हणाला. खरं बोलला, ते बरं वाटलं. मग राहिले मी. मशीनबरोबर आलेल्या सीडी कपाटात होत्या, मॅन्युअलही होतं. दोन दिवस बसून वाचलं. सिस्टिम नव्याने टाकता येते, पण ज्या डिस्कवर टाकाल तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, आणि तसली कोरी डिस्क आता बाजारात मिळत नाही.

आत डिस्क दोन. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एक पुढे बसवलेली, एक मागे. एकीवर सिस्टिम, दुसरीवर ड्रॉइंगं. झाकणाच्या आतून आमच्या जुन्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : मागची डिस्क ड्रॉइंगची. पुसू नये.

सुटले, असं वाटलं. चहा पिताना डोक्यात आलं, मागची म्हणजे कुठली? पाठीमागे बसवलेली, की मागची म्हणजे आधीची? मशीन आलं तेव्हा आत एकच डिस्क होती, पुढची. पाठीमागची नंतर बसवली, हे मला पक्कं आठवत होतं. कप हातातच राहिला.

ड्राफ्ट्समन काका मूळचे बोनकोड्याचे, आता खांदेश्वरला मुलीकडे असतात. फोन लावला.

"मागची म्हंजे मागची, वयनी. अजून काय सांगू?"

"पाठीमागची का आधीची, काका?"

त्यांनी उलट माझी मुलगी कितवीत आहे ते विचारलं. ती नोकरीला लागली, असं सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. ज्याच्या शब्दावर सगळं ठरायचं, त्याच्या हातून शब्द निसटत होते. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "कुंकू बघा ना."

दसऱ्याला ते प्रत्येक मशीनची पूजा करायचे. कॉम्प्युटरला कुंकू लावलेलं मला चालायचं नाही. भुकटी आत जाते म्हणून मी एकदा सगळ्यांदेखत बोलले होते.

"तुमी वरडायच्या, म्हनून आतून लावायचो. ड्रॉइंगच्या डिस्कला. दुसरीत काय हाय?"

बॅटरी घेऊन बघितलं. पुढच्या डिस्कच्या कडेला बोटाएवढा सुकलेला, काळपट लाल ठिपका होता. पाठीमागच्या डिस्कवर काही नाही. म्हणजे चिठ्ठीतली मागची ती आधीची, पुढे बसलेली. पण हे कुंकू एकच डिस्क होती तेव्हाचं असलं आणि ड्रॉइंगं नंतर नव्या डिस्कवर नेली असली तर? मी विचार केला, दुसरी डिस्क आल्यावर काकांनी काय केलं असेल? ड्रॉइंगं हलवायची त्यांना भीती. ती जागच्या जागी ठेवून सिस्टिम नव्या डिस्कवर नेली असेल. असेल. खात्री कुठेच नव्हती.

नवऱ्याला विचारलं. "तू ठरव," म्हणाला, आणि जिन्यातच उभा राहिला.

पुढची डिस्क काढून लाकडी खणात ठेवली. केबल ओढताना पिना वाकतील म्हणून श्वास धरला होता. सीडी घातली. मशीनने विचारलं, डिस्क पुसायची का, हो की नाही. हो टाइप केलं. एंटरवर बोट ठेवलं आणि ते दाबलं जाईना. मग दाबलं. डिस्क करकरायला लागली. जे पुसलं जात होतं ते काय होतं, हे संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. सीडी एकामागून एक बदलत गेले. जेवणाचा डबा आणला होता, उघडला नाही.

चारच्या सुमारास मशीनने सुरू होतानाचा आपला जुना सूर काढला. पडदा उजळला. त्याचा आनंद झाला नाही, उलट आता बघावं लागणार होतं. मशीन बंद करून खणातली डिस्क जोडली, पुन्हा सुरू केलं, मॅन्युअलमधली आज्ञा टाइप केली. एक अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केली.

नावं वर सरकायला लागली. एका डायचं, दुसऱ्या डायचं, पानंच्या पानं. तडकलेल्या डायचं नाव दिसलं तेव्हा नवऱ्याने जिन्यातूनच ते मोठ्याने वाचलं. मी उठले नाही.

सगळं दोन ठिकाणी कॉपी करून झाल्यावरच काकांना फोन केला. म्हटलं, तुमचं कुंकू कामाला आलं.

"कसलं कुंकू, वयनी?"

खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हटलं, काही नाही काका, चहा झाला का?