अकराची उपासना

आमची उपासना नऊला असते आणि त्यांची अकराला. जागा एकच, पांढुर्ण्यातलं आमचं जुनं चर्च. ते म्हणजे गावातली दुसरी मंडळी; त्यांचा भाड्याचा हॉल मालकाने विकायला काढला तेव्हा ते आमच्या कमिटीकडे आले आणि कमिटी हो म्हणाली. त्यात आमचाही फायदा होता. आमचे पाद्री साहेब सौंसरचं चर्चही सांभाळतात, एक रविवार तिकडे, एक इकडे. ते नसताना कोणी आजारी पडलं तर आता त्यांचे पास्टर घरी जाऊन प्रार्थना करतात. महिन्यातून एकदा दोन्ही मंडळ्यांची उपासना एकत्र होऊ लागली. मला हे सगळं चांगलं वाटत होतं. आई अकरालाही थांबू लागली, तोपर्यंत.

सुरुवातीला ती फक्त पाहायला थांबली. मग दर रविवारी.

"चाल ना माय, घरी."

"तू जाय. मी येतो मागून."

आईला वाचता येत नाही. संत्र्याच्या मंडीत ती फळं निवडते. आमच्या उपासनेत सगळं पुस्तकातून चालतं, गीतं, प्रार्थना, सामूहिक उत्तरंसुद्धा. आई पुस्तक उघडून हातात धरते आणि पाठ असलेलं हळू म्हणते. मी कॉलेजला जायला लागल्यापासून पाद्री साहेब बायबलमधलं वचन वाचायला मलाच उठवतात. मी वाचत असताना आई माझ्याकडे बघत असायची. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच वाचायची.

एका रविवारी मी घरी पोचले आणि लक्षात आलं, किल्ली आईकडेच राहिली. परत आले. चर्चच्या दारात चपलांचा ढीग होता. त्यांनी बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. आत कोणीतरी मोठ्याने बोलत होतं. तो आवाज आईचा आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

ती साक्ष देत होती, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगत होती. मी एका विषयात नापास झाले, दोन दिवस जेवले नाही, तिने कशी प्रार्थना केली, सगळं. मग म्हणाली, "पोट्टी शिकून राहिली. पण आता तिच्यासंग काय बोलावं, मले समजत नाही. भेव लागते."

सगळे "आमेन" म्हणाले. शेजारी बसलेल्या एका काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा. त्या काकूंचा, त्यांच्या हाताचा, त्या सतरंजीचासुद्धा. माझ्याबद्दलची गोष्ट, आणि ती त्या अनोळखी बायांना मिळाली होती. मी किल्ली न मागताच निघाले आणि घराच्या पायरीवर बसून राहिले.

आई आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "तिकडं काय करता एवढा वेळ?"

"बोलतो."

"आपल्या उपासनेत तर तू कधीच बोलत नाही."

"आपल्यात कोण इचारते बाई?" तिने कुलूप उघडलं. "आपल्यात सगळं आधीच लिहून राहते."

पुढच्या एकत्र उपासनेसाठी ठरलं की वचन आमच्याकडून आणि साक्ष त्यांच्याकडून. पास्टरांनी साक्षीसाठी आईला विचारलं. ती घरी येऊन मला म्हणाली, "सांग, देऊ का?"

"तुही मर्जी," मी म्हणाले. मनात म्हणत होते, नाही म्हण.

त्या रविवारी मी वचन वाचलं. एकदाही अडखळले नाही. वर पाहिलं तर आई माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग ती उभी राहिली. आमच्या बाकांकडे पाहिलं आणि गप्पच झाली. आमच्याकडे मध्येच कोणी काही म्हणत नाही. सगळे नीट बसून वाट पाहत राहिले. आईचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आपणच आमेन म्हणावं असं मला वाटलं. ओठांवर आलंही होतं. पण आपल्या बाकांवर हे कसं दिसेल, या विचारात मी राहिले, आणि तेवढ्यात त्या काकू मागून म्हणाल्या, "आमेन, बोला बहीण."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली.

चांगली बोलली. माझं नापास होणं, प्रार्थना, मग पास होणं. आमच्या बाकांवरच्या दोघीतिघींनी डोळे पुसले. पण ते भेव लागण्याचं वाक्य आलं नाही. मी त्याची वाट बघत होते आणि ती तिथेच थांबून खाली बसली.

नंतर बाहेर चहा होता. आईने मला बाजूला घेतलं. "बरं बोलली का मी?"

"अर्धंच सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे तू आयकलं होतं."

मी मान हलवली.

"मंग येत जाय ना अकराले. तिथं सांगीन समदं."

"तिथं काऊन? घरी सांग ना."

"घरी तू अभ्यास करून राहते," ती म्हणाली. रागाने नाही. जसं आहे तसं.

तेवढ्यात त्या काकू उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन नळाकडे निघाल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "या बहीण, दोघी मिळून धुऊन टाकू." आई पदर खोचून निघालीच.

मी पुढे झाले आणि काकूंच्या हातातून ट्रे जवळजवळ ओढूनच घेतला.

"तुम्ही बसा काकू," मी म्हणाले. "आम्ही मायलेकी धुतो."