अंबाडीचा डबा

काल अमरावतीच्या बाजारात अंबाडीची जुडी उचलली आणि तिच्या आंबूस वासाने मी अकोल्याच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन बसले.

तेव्हा मी भाजीला शिवत नसे. माझ्या डब्यात रोज साखर-पोळी असायची आणि जिवलग मैत्रीण रेखा त्यात वाटेकरी. मग तेल्हाऱ्याहून सुनंदा नावाची मुलगी वर्गात आली. तिच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि लसणाची फोडणी दिलेली अंबाडी. एका दुपारी रेखा मला सोडून तिच्याजवळ बसली. एकाच भाकरीचे तुकडे तोडत, बोटं चाटत दोघी हसत होत्या. मी अर्धी पोळी तशीच ठेवून डबा बंद केला.

घरी येऊन आईला म्हटलं, "मले उद्या डब्यात अंबाडी पायजे."

"तुले? काहून?" आई बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी डबा रेखासमोर सरकवला. एक घास खाऊन ती म्हणाली, "सुनंदाच्या आईची जास्त चांगली असते," आणि तिकडे निघून गेली. रागारागात मी सगळी भाजी एकटीने संपवली.

रिकामा डबा पाहून आई हरखली. "उद्या बी देऊ?"

"दे. पण सुनंदाच्या आईपेक्षा चांगली कर."

आईचा चेहरा उतरला होता, हे आत्ता कळतं. तेव्हा मला रेखाशिवाय कुणी दिसतच नव्हतं.