ग्रिझेलनं अडवलेलं स्टूल

क्रेगनेसच्या कोळीवाड्यात ग्रिझेल लोरिमरशी भांडण काढणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडी थुंकणं. सगळं उलटून आपल्याच अंगावर यायचं. हे गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, आणि काळ तिसरा जॉर्ज गादीवर होता तो. ग्रिझेलचा नवरा आणि बोट एकाच वादळात गेली. तिनं पोटभर रडून घेतलं आणि मग हॅडॉक माशांची टोपली पाठीला बांधून आसपासच्या शेतकऱ्यांकडे मासळी विकत फिरायला लागली. स्वतःचं मूल नव्हतं. बहीण वारली तेव्हा तिची पोर युफन ग्रिझेलनं घरी आणली, वाढवली, आणि कामाच्या वयाची झाल्यावर गिल्बर्ट डरीच्या घरी ठेवली. गिल्बर्ट मिठाचा आणि दोरखंडांचा व्यापारी, चर्चच्या पंचांत सगळ्यांत मानाचा. "चांगलं घर आहे, निवांत राहा," असं सांगून ग्रिझेल तिला सोडून आली होती.

त्याच चांगल्या घरातून युफन पोटुशी होऊन परत आली.

पंचांनी बोलावलं. युफननं बापाचं नाव सांगितलं: वॉल्टर, गिल्बर्टचा मुलगा. वॉल्टरनं हात वर करून देवाची शपथ घेतली, की या मुलीला आपण बोटसुद्धा लावलेलं नाही. शपथेपुढे पंचांचं काही चालत नसे. तो सुटला आणि लगोलग दूरच्या रीगा बंदराला निघालेल्या जहाजावर चढला. उरली एकटी युफन. निकाल झाला: बाळंतपणानंतर तीन रविवार तिनं गोणपाट पांघरून साऱ्या गावासमोर चर्चमधल्या पश्चात्तापाच्या स्टुलावर बसायचं. तोवर बाळाला बाप्तिस्मा नाही.

मुलगा झाला, पण युफनला बाळंतज्वरानं गाठलं. उशीवरून मान उचलवेना. बाळही अशक्त, मांजराच्या पिलासारखं कुंई कुंई करायचं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या लेकराचं पुढं काय होतं याबद्दल पाळक काहीही समजावोत, बायकांची धास्ती काही जात नसे. ग्रिझेलनं हात धुतले आणि ती तडक पाळकांच्या घरी गेली.

पाळक डॅलगार्नो वयानं लहान, मनानं सरळ. तिला पाहून ते उठून उभे राहिले.

"पाळकबाबा, पोरीच्या जागी मी बसते. तीन रविवार काय, सहा बसवा. लेकराच्या डोक्याला तेवढं पाणी लावा."

"असं करता येत नाही, ग्रिझेलबाई."

"का येत नाही? मागच्या रविवारी तुम्हीच सांगत होता ना, यहुदी लोकांचा याजक बोकडाच्या डोक्यावर हात ठेवायचा, अख्ख्या जमातीचं पाप त्याच्यावर घालायचा आणि त्याला रानात हाकलायचा? आणि मग प्रभू आला, त्यानं सगळ्यांच्या वाटचं एकट्यानं सोसलं. सांगताना डोळे भरले होते तुमचे. बोकडाला चालतं, मग मावशीला का नाही?"

पाळक हसले नाहीत. त्यांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. "त्याच शास्त्रात हेही आहे, की ज्याचं पाप त्यानंच फेडायचं. बापाचं लेकावर नाही, लेकाचं बापावर नाही. आणि दुसऱ्याचं पाप उचलणारा स्वतः निष्कलंक लागतो, बाई. बळीचं कोकरूसुद्धा बिनडागाचं बघून घ्यायचे. तुम्ही आहात का निष्कलंक?"

ग्रिझेलनं खरोखरच विचार केला. "नाही बाबा. माझी एकटी जीभच टोपलीभर पापाची धनी आहे."

"मग?"

"मग काय, तुमचं बरोबर," असं म्हणून ती उठली. पाळकांना वाटलं, प्रकरण मिटलं.

रविवारी स्तोत्र चालू असताना ती आत आली. डोक्यावरून गोणपाट घेतलेलं, चाल बाजाराला निघाल्यासारखी. सरळ पुढे गेली आणि पश्चात्तापाच्या स्टुलावर ऐसपैस बसली. गाणं मध्येच विरलं.

गिल्बर्ट ताडकन उठला. "ए ग्रिझेल, ऊठ तिथून! दुसऱ्याच्या पापासाठी बसता येत नाही, सांगितलंय ना तुला?"

"दुसऱ्याच्या पापासाठी कोण बसतंय? मी माझ्याच पापांसाठी बसलेय. पुष्कळ आहेत. आठवतील तशी उरकते, तू घाई करू नकोस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"ते स्टूल युफनसाठी आहे!"

"तिला ताप आहे. तोवर रिकामं ठेवून काय करणार, अंडी उबवणार?"

गिल्बर्टनं चर्चच्या शिपायाला खूण केली. शिपाई एकटा पुरेसा नव्हता, म्हणून गिल्बर्टनं कोळ्यांच्या बाकांकडे पाहिलं. क्रेगनेसला बोटी लावायला धक्का नव्हता. समुद्रावर निघताना पुरुषांचे पाय भिजू नयेत म्हणून बायकाच त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून बोटीत नेऊन सोडत; आणि ज्यांच्या घरात बाई नव्हती अशा कितीकांना ग्रिझेलनंच नेलं होतं. एकजण टोपी न्याहाळू लागला, दुसरा छत. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "मी नाही बुवा तिला उचलणार. आजवर तिनंच मला उचललंय."

पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्याही. पंचांनी मोठ्या घरांना निरोप धाडले, हिची मासळी घेऊ नका. ती दुप्पट चालून लांबच्या वाड्यांवर विकायला लागली. घरी आली की युफनला चमच्यानं ओटची पेज भरवायची, बाळाला छातीशी धरून शेकोटीजवळ बसायची. पेंगताना बजावायची, "मरायचं नाही हं कुणी. मी अजून उठलेली नाही तिथून."

कुणी मेलं नाही. थंडी सरता सरता युफनचा ताप उतरला, आणि एका रविवारी प्रवचन सुरू व्हायच्या आत ती बाळाला शालीत गुंडाळून, भिंतीला धरत धरत चर्चमध्ये आली. स्टुलापाशी थांबली.

"मावशी, ऊठ."

"तू कशाला आलीस मरायला? पाय बघ कसे लटपटतायत."

"लटपटू देत. इतके रविवार लोक तुझं ऐकतायत. माझं अजून कुणी ऐकलेलंच नाही. ऊठ."

ग्रिझेलच्या वर्मी लागलं ते. पोरीकडे ती बघतच राहिली. मग उठली, अंगावरचं गोणपाट काढून पुढे केलं. युफननं बाळ तिच्या हातात दिलं, गोणपाट मात्र घेतलं नाही. तशीच, आपल्या निळ्या झग्यात, स्टुलावर बसली.

पाळकांनी विचारलं, "युफन, केल्याचा पश्चात्ताप होतो?"

"माझ्या वाटचा होतो. देवासमोर सांगते." आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "वॉल्टरच्या वाटचा होत नाही, आणि तो मी भोगणारही नाही. ज्याचं त्यानं फेडायचं, असं शास्त्र आहे ना? मग त्याच्यासाठी दुसरं स्टूल मांडा. रिकामं राहू दे. गावाला दिसू दे कोण आलं नाही ते."

मग गिल्बर्ट डरी उठला. हा आता गरजणार असं वाटून ग्रिझेल बाळाला घट्ट धरून मध्ये उभी राहिली. पण गिल्बर्टनं आपल्या बाकाजवळची लाकडी बैठक उचलली, पुढे आणली आणि युफनच्या शेजारी ठेवून तिच्यावर बसला.

"गिल्बर्ट, बापाला लेकासाठी—" पाळक बोलायला लागले.

"बसता येत नाही, माहीत आहे. मीच ओरडून सांगत होतो." तो खाली बघून बोलत होता. "पोरानं शपथ खोटी घेतली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प राहिलो. ते पाप त्याचं नाही, माझं आहे. त्यासाठी बसलोय."

"उशीर केलास," ग्रिझेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. त्याला बरं वाटेल असं आणखी काही तिला सुचलं नाही, आणि तिनं शोधलंही नाही.

पाळकांनी प्रवचनाचे कागद मिटले आणि पाणी मागवलं. तीन रविवारांचा हिशेब त्यांनी काढला नाही. बाप्तिस्म्याला बाळ बापानं धरायचं, बाप नसला तर घराण्यातल्या पुरुषानं. गिल्बर्टनं उठून हात पुढे केले. ग्रिझेल बाजूला सरली आणि तिनं बाळ युफनच्या हातात दिलं.

"रीत अशी नाही," एक पंच कुजबुजला.

"मग रीत थोडा वेळ बाहेर थांबेल," ग्रिझेल म्हणाली.

पाळकांनी आईच्या हातातल्या बाळाच्या कपाळाला पाणी लावलं. नाव ठेवलं निनियन. पाणी गार होतं. पोरानं असा टाहो फोडला की अशक्त म्हणून ज्यांनी त्याची आशा सोडली होती त्या बायका तोंडाला शालीचं टोक लावून हसल्या.

पुढे डॅलगार्नोंना वरिष्ठांनी बोलावून कडक समज दिली. त्यांनी ती उभ्यानं ऐकली आणि परत येऊन चर्च चालवलं. गिल्बर्टनं पंचपद सोडलं. वॉल्टर कधी परतला नाही. ग्रिझेलला बाकीच्या पंचांनी बोलावलं आणि विनापरवाना बसल्याबद्दल माफी मागायला सांगितलं. "मागणार नाही," ती म्हणाली, टोपली पाठीला बांधली आणि भरती यायच्या आत किनाऱ्याच्या वाटेला लागली.