‘हसले’ म्हणजे कोण हसले

राहीबाईंची नि माझी भेट शहाण्णव सालच्या जानेवारीत झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरात जी बाई करते तिची पाहणी वाशीतल्या एका संस्थेने काढली होती आणि मी त्यात फॉर्म भरून घ्यायचं काम धरलं होतं. आजाऱ्याचा आजार आम्ही विचारत नव्हतो. त्याचं करता करता करणारीचं मन किती खचलंय, ते मोजायचं होतं. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं: जवळजवळ नाही, कधीमधी, बरेचदा, रोज. गुण शून्य ते तीन. बेरीज दहा किंवा जास्त आली की त्या बाईला आठवड्यातून दोन दुपारी मदतीला कुणीतरी मिळणार होतं. सोय बाराच घरांची होती आणि यादी महिनाअखेरीला बंद होणार होती.

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले तरी दहा प्रश्नांत मन सापडतं यावर माझा विश्वास नव्हता. पण सापडतं का, हे बघायची उत्सुकता मात्र होती. माझी उत्कर्षा तेव्हा पाच वर्षांची, सदा खोकणारी. तिला शेजारी ठेवून मी निघायची आणि दिसेल त्या पीसीओवरून फोन करायची. शेजारीण वैतागून म्हणायची, “अगं, दोन तासांत मूल वाढतं का!”

राहीबाई कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहत. मूळच्या कोरेगावकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा बाबासो कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. एका खोलीतल्या लोखंडी कॉटवर ते पडून असत. मी गेले तेव्हा राहीबाई त्यांना मोरीकडे नेत होत्या. हाताला धरून नव्हे. पाठमोऱ्या वाकून, त्यांचा डावा हात खांद्यावरून पुढे ओढून, गोणी घेतात तसं सरळ पाठीवर घेऊन. वरून बाबासो अडखळत सांगत होते, “कंबर... खाली. गुडघं वाकीव.”

“ह्यांनीच शिकिवलं,” परत आल्यावर त्या घाम पुसत म्हणाल्या. “ओझं हातानं उचललं तर माणूस मरतं, पाठीवर घेतलं तर तरतं. जलमभर गोण्या वाहिल्या, आता सोताच गोणी झाले.”

कॉटवरून अर्ध्या तोंडाचं हसू आलं. राहीबाई माझ्याकडे वळल्या. “लेकुरवाळी दिसतीस. प्वार कुणाकडं ठेवलंस?”

पहिल्याच वाक्यात ‘तू’. मी मात्र छापील प्रश्न वाचू लागले. प्रश्न आहे तसाच वाचायचा, एक अक्षर बदलायचं नाही, अशी आमच्या डॉ. हुदा मुकादम यांची ताकीद होती. मुलाखत आजाऱ्यापासून दूर घ्यायची, हीसुद्धा होती. पण एका खोलीत दूर म्हणजे कुठे? मी दाराशी बसले.

“गेल्या आठवड्यात तुमचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, असं किती दिवस झालं?”

“छे! दोन टायमाला पोटभर जेवले.”

“तुमची झोप नीट होत नव्हती?”

“झोपले की चांगलं. गोळी घेतली की पाक सकाळपतोर.”

“तुम्ही आनंदात होतात?”

“व्हय तर. काल लई हसले.”

बेरीज आली दोन. यादीत नाव बसणार नव्हतं. तीन वर्षं माणूस पाठीवर वाहणारी बाई इतकी ठणठणीत, याचं मला नवल वाटलं आणि थोडी शरमही, कारण मी उत्कर्षाच्या साध्या खोकल्याने अर्धी होते. ‘देशावरची माणसं, काटक’ असं काहीतरी मनाशी म्हणून मी फॉर्म बंद केला.

उत्तरं टिकतात का हे बघायला दहातल्या एका घरी आठवड्याने पुन्हा जायचं असे. चिठ्ठी टाकून घर निवडायचं. चिठ्ठी राहीबाईंची निघाली. यादी बंद व्हायला तीन दिवस होते.

पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरं. जेवले, झोपले. आनंदाच्या प्रश्नाला राहीबाई म्हणाल्या, “कालबी हसले. दाढी करताना.”

माझं पेन थांबलं.

“दाढी करताना कोण हसलं?”

“कोन म्हंजी? हे. वस्तरा गळ्यापाशी आला की गुदगुल्या व्हत्यात त्यांना.”

मी आधीचा फॉर्म काढून बघितला. जेवले, झोपले, हसले. बाई स्वतःबद्दल बोलली तरी ‘जेवले’ आणि नवऱ्याला मान देऊन, नाव न घेता बोलली तरी ‘जेवले’च! गोळी घेऊन सकाळपर्यंत झोपणारे बाबासो होते. मी त्यांचं मन मोजून बायकोच्या नावावर मांडलं होतं.

“राहीबाई, मी तुमच्याबद्दल विचारत होते.”

“मग? आमचंच सांगतीय न्हवं.”

“तुमच्या एकटीचं.”

“एकटी कुटं हाय मी? त्ये काय पडल्यात की समोर.”

“नाही, म्हणजे तुम्ही स्वतः...”

“तुमी म्हनल्यावर दोघंबी आलो की त्यात,” त्या जरा चिडूनच म्हणाल्या.

कॉटवरून बाबासोंनी डावा हात आपटला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागे. “तुला... तुला इचारती ती. राहे, तुला!”

काय करावं मला कळेना. ताकीद आठवत होती, तीन दिवसही आठवत होते. शेवटी फॉर्म मिटून मी विचारलं, “तू जेवतेस का गं नीट?”

आईच्या वयाच्या बाईला मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, घागर उचलली आणि म्हणाल्या, “चल, पानी आलंय का बघू.”

खाली पिण्याच्या पाण्याच्या नळाला पाणी नव्हतं. ते यायला अजून तासभर होता, हे त्यांनाही ठाऊक असणार. घागर पालथी घालून त्या तिच्याशेजारी बसल्या.

“आता इचार.”

मी विचारत गेले. प्रश्न तेच, फक्त ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’.

“भाकरी गिळती. पर चव न्हाई. मीठ पडलं का न्हाई, त्ये ह्यांच्या तोंडाकडं बघून कळतं.”

“झोप?”

“डोळा लागतो. कान जागं असत्यात.”

“रडू येतं?”

“मोरीत. बादलीत नळ सोडायचा मोठा.” मग म्हणाल्या, “आय गेल्यापासनं मला ‘तू जेवलीस का’ म्हनून कुनी इचारलं न्हवतं. सासरी गेलेल्या पोरीबी ‘बाबा जेवले का’ इचारत्यात फोनवर.”

बेरीज सतरा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फॉर्म मी डॉ. मुकादमांपुढे ठेवले. त्या मुरुडकडच्या, कमी बोलणाऱ्या, आकड्यांच्या पक्क्या. त्यांनी चष्मा वर केला.

“एकाच बाईचे? दोन आणि सतरा?”

मी दाढीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. “प्रश्न बदललात तुम्ही.”

“प्रश्न तोच आहे, मॅडम. जिला विचारायचा तिला विचारला.”

“बाकीच्या चाळीस बायकांना ‘तुम्ही’ म्हणून विचारलंय. ह्या एकीला जवळ घेऊन ‘तू’ म्हणालात. त्याने दोन गुण तरी वाढले असतील. किती, सांगू शकता?”

त्यांचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं. मला तर भलतीच धास्ती लागली होती: उरलेल्या चाळिसांत असे किती नवरे बायकांच्या नावावर हसतायत?

डॉ. मुकादमांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. “पाहणीत ही बाई नाही धरता येणार. दोन्ही फॉर्म बाद.” मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. “पण मदतीची यादी म्हणजे काही पाहणी नव्हे. तिथे नाव लिहा. आणि ज्यांची बेरीज पाचाच्या आत आहे त्या सगळ्यांकडे परत जा. प्रश्न आहे तसाच, फक्त आधी सांगायचं: नवऱ्याचं नको, बाई, तुमचं. आणि खोलीच्या बाहेर.”

तशा नऊ जणी निघाल्या. दोन दिवस मी पायाला भिंगरी लावून फिरले. चौघींची उत्तरं बदलली. पाच जणींची नाही बदलली. त्या खरंच बऱ्या होत्या. एकीने तर “नवरा पडलाय, आता सासू वचकून असते” असं खुशीत सांगितलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी राहीबाईंकडे मदतीला चांगुणाबाई जाऊ लागल्या. बाबासोंना पाठीवर कसं घ्यायचं हे त्यांना अर्धा तास शिकवून राहीबाई दोनला बाहेर पडल्या, पाचला येते म्हणून. मी साडेपाचला डोकावले तर चांगुणाबाई दारात उभ्या.

“दिसली का वो कुठं? मला घरी पोरं हायेत!”

माझा जीव लगेच खालीवर. हमरस्ता, ट्रक, काय काय डोळ्यांपुढे आलं. सहाला पाच कमी असताना राहीबाई जिन्यावरून वर आल्या, घाई न करता. पदर नीट खोचलेला, चपलांना धूळ.

चांगुणाबाई तणतणत गेल्या. बाबासोंनी विचारलं, “कुटं... गेलतीस?”

“सांगत न्हाई, जावा,” राहीबाई म्हणाल्या आणि स्टोव्ह पेटवायला बसल्या.

बाबासो माझ्याकडे बघून डोळे मिचकावू लागले: विचार, विचार. निघताना मी विचारलं.

“तुलाबी न्हाई,” त्या म्हणाल्या.