पूर्णेत न सोडलेले टाक

फादरांनी आमचे टाक नदीतून काढले नव्हते. ते मीच त्यांना नेऊन दिले होते. फादर जाऊन महिना होत आला. गाव फादरांवर उठलं त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवणारे काहीजण ही पुरवणी वाचतात, म्हणून आधी हे लिहितो.

फादर वसईकडचे. वडनेर भोलजीजवळच्या आमच्या गावात, चर्चमागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी संग्रहालय मांडलं. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यात पडून राहिलेली तिफण, चामड्याची मोट, जाती, समया... मागायला मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरायचो. ते देणाऱ्यालाच ती वस्तू चालवून दाखवायला लावत. म्हातारे हसत, "फादर, तुमच्यानं नाही होत हे." ते म्हणत, "मंग पुन्हा दाखवा न भाऊ."

आमच्या देवघरात आजा-पणज्याचे टाक होते, चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेले. चेहरे झिजले की नवे घडवायचे आणि जुने नदीत सोडायचे. आईनं जुने माझ्या हाती दिले. मी पूर्णेवर न जाता शेडकडे वळलो. "आईले विचारलं का?" फादरांनी विचारलं. "हाव," मी म्हणालो.

पुढे आई बायांबरोबर संग्रहालय पाहायला गेली आणि काचेमागं तिला तिचा सासरा दिसला. एका टाकाचा कोपरा घासताना तिच्याच हातानं दुमडला होता. घरी येऊन तिनं जाब विचारला. "मी तर सोडले होते," मी म्हणालो. "फादरनं काढले असतीन पाण्यातून."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की फादर आमचे पूर्वज नदीतून उपसून बाटवतो. सकाळी लोक शेडवर गेले. फादर गर्दीत मला शोधून म्हणाले, "सुधाकर, सांग न या लोकायले." मी खाली पाहिलं. "तो काय सांगन बे? उचला आपापलं!" कुणीतरी ओरडलं. पण आपापलं कुणीच उचललं नाही. ज्याची तिफण मोडकी होती, त्यानं दुसऱ्याची धड तिफण नेली. माझ्या काकांनी जी समई आणली, ती आमच्या घरात कधीच नव्हती. ओढाताणीत मोट फाटली. जड जातं फादरांनाच बाहेर आणायला लावलं. ते उंबऱ्यात अडखळून पडले तेव्हा लोक हसले... मीही हसलो. पुढं बरंचसं सामान मलकापूरला भंगारात गेलं आणि फादरांची बदली झाली.

गेल्या वर्षी, ते अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर, मी भेटायला गेलो. मी तोंड उघडताच त्यांनी विचारलं, "गावात सांगितलं?"

"नाही."

"मंग मले एकट्याले काऊन सांगून राह्यला?" ते भिंतीकडे वळले. मी उठून निघेपर्यंत ते पुन्हा वळले नाहीत.

गेल्या आठवड्यात गावात शोकसभा झाली. काका फादरांच्या मोठ्या मनाबद्दल बोलले. ज्यांनी शेड रिकामं केलं, ते माना डोलावत होते. मला बसवेना. मी उभा राहून टाकांचं खरं सांगितलं. चुलतभावानं माझा सदरा ओढला, "बस बे खाली. मेला तो मानूस."

पुढं बसलेली आई मागं वळली. "तो जिता होता तवा काऊन नाही बोलला रे?"

"भ्यालो, आई. तुले भ्यालो, गावाले भ्यालो. तुमच्या हातानं मी त्या मानसाले लुटलं. मले माफ करा. फादर, मले माफ करा."