आवाज भरणाऱ्या बाई

कोलकात्यात बालीगंजच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथे गेल्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना स्लाइड बनवायचं नवं सॉफ्टवेअर शिकवलं गेलं. इतर शाळांतूनही शिक्षक आले होते. माझ्या शेजारी एक वयस्कर बंगाली बाई बसल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आम्ही सगळे रंग आणि चित्रं निवडण्यात दंग होतो. बाईंना मात्र एवढंच शिकायचं होतं, की स्लाइडवर आपला आवाज कसा भरायचा. माइकमध्ये धडा बोलण्याआधी त्या बोटांवरचा खडू झटकल्यासारखं करायच्या. आवाज घोगरा होता, मधेच फाटायचा. प्रत्येक प्रश्नानंतर त्या थांबायच्या, समोरच्या भिंतीकडे बघून मान डोलवायच्या आणि मगच पुढे बोलायच्या.

"मधे एवढं थांबता कशाला?" मी विचारलं.

"मुलांना उत्तर द्यायला वेळ नको?" मग गळ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहणार नाही. वर्ग मात्र मीच घेणार."

त्यांनी मला हेडफोन दिले. कानात त्यांचा आवाज पृथ्वी कशी फिरते ते सांगत होता आणि शेजारी त्या नुसतेच ओठ हलवत होत्या, शब्दाला शब्द.

आवाजाने बंगालीत विचारलं, "समजलं ना?" मग शांतता. बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"हो," मी नकळत बोलून गेले.

"शाब्बास!" कानातला आवाज म्हणाला. या वेळी बाईंचे ओठ मिटलेले होते.